जगभरची लोकगाणी शिकायला वाईला येणाऱ्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठी पण

एप्रिल उजाडला की माझा फोन सुरू. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, पोरीला क्लासिकल येत नाही, घेताय का?" घेतो. दुसरा प्रश्न, "पण ते परदेशी गाणं शिकून करायचं काय?" याचं उत्तर माझ्याकडे नाही हो, दहा दिवसांनी पोरगी घरी आली की तिलाच विचारा. बाकी जे जे विचारलं जातं ते यंदा सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे माझा घसा तरी वाचेल.

तर शिबिर मे महिन्यात, दहा दिवस, वाईजवळ पसरणी घाटाच्या पायथ्याकडे, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका शाळेच्या होस्टेलात. तेरा ते अठरा वयाची पोरं, साताऱ्याची, कराडची, सांगली-मिरजेची, थोडी पुण्याची. गाणी जॉर्जियाची, बल्गेरियाची, दक्षिण आफ्रिकेची, अमेरिकेतल्या एका जुन्या पद्धतीची, आणि आपल्या जात्यावरच्या ओव्या आणि भलरी. वाद्य नाही, माईक नाही, कराओके तर नाहीच नाही. मी साताऱ्यात पेटी आणि भजन शिकवते, सहा वर्षांपूर्वी इथं हिशेब आणि स्वयंपाकघर बघायला म्हणून आले आणि मधल्या आवाजाच्या ग्रुपमध्ये अडकले ती अडकलेच.

आधी हे डोक्यात घ्या

आपल्याकडे एकत्र गायचं म्हणजे सगळ्यांनी एकच चाल एकाच सुरात म्हणायची. शाळेची प्रार्थना, आरती, हरिपाठ, सगळं तसंच, शेजारचा वर गेला की आपण पण वर जातो आणि त्यालाच आपण सुरात असणं म्हणतो. इथं बरोब्बर उलटं. एकाच वेळी तीन चाली चालू, तुझ्या डाव्या कानाशी एक, उजव्या कानाशी दुसरी, आणि तू तिसरी धरून उभं राहायचं, कोणाकडे घसरायचं नाही आणि कान बंद पण करायचे नाहीत. हेच एक अवघड आहे, बाकी सगळं जमतं.

पहिल्या वर्षी माझी काय फजिती झाली सांगते. वीस वर्षं भजन म्हणणारी बाई मी, मला मधला आवाज दिला, आणि दर दोन ओळींनी मी वरच्या आवाजात जाऊन बसायची, मला वाटायचं मीच बेसूर होतेय म्हणून मी दुरुस्ती करतेय! आणि शेजारी कोरेगावची चौदा वर्षांची पोरगी, आयुष्यात कुठल्या क्लासची पायरी चढली नव्हती, ती खुंटी ठोकल्यासारखी आपल्या जागेवर. म्हणून म्हणते क्लासिकल येत नाही म्हणून घाबरू नका. येत असेल तर उत्तम, पण मग हरकती आणि मुरक्या दहा दिवस खिशात ठेवायच्या, कारण तिघांतला एक जण हलला की बाकी दोघांची वाट लागते.

आणि हे काही पूर्णच परकं आहे असं नाही बरं का. पोवाड्यात शाहीर पुढं गातो आणि मागं झीलकरी "जी जी रं जी" धरतात, तमाशात तुणतुण्यावाला सुरत्या मागं उभा राहून सूर लावून ठेवतो, एकतारी तर अख्खं गाणं एकाच सुरावर तोलते. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, १९२३ चा त्यांचा जन्म, आणि तिकडे वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष म्हणजे पठ्ठे बापूरावांचं, त्यामुळे झील धरणं आपल्या भागाला नवीन नाही. फक्त आपण झील धरणाऱ्याकडे कधी बघितलंच नाही, सगळं लक्ष शाहिराकडे. इथं झीलच निम्मं गाणं असते.

नाव नोंदवायच्या आधी पालकांनी काय विचारायचं

आमच्याकडेच या असं नाही, आजकाल बरीच निवासी शिबिरं निघालीत, कुठंही पाठवा पण हे विचाराच. मुलामुलींची झोपायची सोय वेगळी आहे का आणि रात्री मुलींकडे कोण बाई झोपायला असतात, नावानिशी. रात्री ताप आला तर दवाखाना किती लांब आणि गाडी कोणाची. पाणी उकळलेलं की फिल्टरचं. फीमध्ये जाण्यायेण्याचं, सहलीचं, डॉक्टरचं काय धरलंय आणि काय नाही. मध्येच पोरगं परत न्यायची वेळ आली तर पैसे किती परत. आणि शिकवणारे कोण, त्यांनी ही गाणी कोणाकडून घेतली. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही पण तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण व्हिडिओ बघून शिकलेलं आणि तिथल्या माणसांसमोर बसून शिकलेलं यात फार फरक पडतो, दोन मिनिटात कळतं.

एका शिबिराला (आमच्या नव्हे, आणि नाव घेत नाही) माझा भाचा गेला होता, तीन माणसांच्या खोलीत सात पोरं आणि दोन दिवस पाणीच नाही. आधी विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायला लाजू नका.

धर्माचं काय, हे पण बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. सरळ सांगते. जॉर्जियाची काही गाणी चर्चमधली आहेत, अमेरिकेतली तर जवळजवळ सगळीच भजनं आहेत त्यांची. आपण अभंग म्हणतो तशी ती म्हणतात. अर्थ आधी सांगितला जातो, एखाद्याला एखादं गाणं नको वाटलं तर त्या वेळी बाजूला बसून ऐकायचं, कोणी काही म्हणत नाही. आजवर बसलेलं मात्र कोणी बघितलं नाही मी.

घरी आठ दिवस आधी करायचा सराव

हे केलंत तर पहिले दोन दिवस रडकुंडीला येणार नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं कुठलंही अ‍ॅप घ्या, मुलींनी काळी चार किंवा पाच, आवाज फुटलेल्या मुलांनी काळी एक किंवा दोन (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरनं सुराला ही नावं आहेत), आणि नुसता सा धरा. आकारात, म्हणजे "आ" म्हणत. पाच मिनिटं. कंटाळा येतो, येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी तोच सा धरायचा पण आता आईला नाहीतर आजीला शेजारी बसवून एखादी ओवी किंवा आरती म्हणायला सांगायची, सुरुवात तुमच्याच सा वरनं. ती वर जाईल, खाली येईल, तुम्ही हलायचं नाही. हसायला येतं, सूर सुटतो, परत धरायचा. तीनेक दिवसांनी सा सोडून पंचम, म्हणजे प धरा, तो जरा जास्त घसरतो. आणि शेवटी अवघड प्रकार, भावाने सा धरायचा आणि तुम्ही त्याच्या कानाला लागून कोमल रे, म्हणजे सा च्या लगेच वरचा सूर. दोन सूर इतके जवळ आले की हवेत एक थरथर ऐकू येते, अंगावर काटा येतो, आपल्याला शिकवलंय की हे चुकीचं, पळा इथून. बल्गेरियाच्या बायका याच थरथरीसाठी गातात, त्या म्हणतात घंटा वाजल्यासारखं वाजलं पाहिजे. एक मिनिटभर तिथं थांबता आलं तर तुम्ही तयार.

श्वासाचं एक. शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही, तो गात असताना आपण चोरून घ्यायचा आणि हळूच परत सुरात शिरायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर तुटलेला कळतच नाही. वारीत दिंडीबरोबर चालताना बायका नकळत हेच करतात.

पेटी काढू नका. मी पेटीवालीच सांगतेय. पेटीचे सूर ठरलेल्या जागी बसलेले असतात आणि जॉर्जियन गाण्यातले काही सूर त्या जागांच्या मध्ये कुठंतरी असतात, पेटीवर शोधत बसलात तर कायमचं चुकीचं बसेल. आमच्याकडे मिरजेचा एक तानपुरा आहे तेवढा पहाटे वाजतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आमच्या मिरजकर पोरांनी एवढा भाव खाल्ला की जणू भोपळे त्यांनीच कोरले होते.

बॅग

दोनशे पानी वही आणि पेन्सिल (पेन नको, खोडावं लागतं फार). टॉर्च. पाण्याची बाटली. डासांचं मलम, कृष्णा जवळ आहे. दोन चादरी, एक झोपायला आणि एक गच्चीवर बसायला. वाईत मेच्या दुपारी चांगलंच तापतं पण एक दिवस पाचगणीला नेतो, ते घाट चढून बारा-तेरा किलोमीटर, तेराशे मीटरच्या आसपास उंची, संध्याकाळी गार वारं सुटतं म्हणून एक पातळ जॅकेट. वळवाचा काही भरवसा नसतो, छत्री ठेवा. रोजची औषधं असतील तर चिठ्ठीसकट ताईंच्या हातात, बॅगेत लपवून नाही. चिवडा चालतो. कंदी पेढे आणू नका, आणले तर पहिल्याच रात्री संपवा, मागच्या वर्षी एका बॅगेतनं निघालेल्या मुंग्यांची रांग तीन खोल्या फिरून आली.

मोबाइल सकाळी जमा, संध्याकाळी जेवणानंतर अर्धा तास परत. याच्यावर वाद घालू नका, सगळे वाद होऊन गेलेत.

यायचं कसं

पुण्याहून स्वारगेटला महाबळेश्वरची एसटी धरायची, ती सुरूर फाट्यावरनं वाईला येते. साताऱ्याहून वाई साधारण पस्तीस किलोमीटर, पाचवडमार्गे, एसटी मिळत राहतात. सांगली-कराडकडच्यांनी साताऱ्यापर्यंत यायचं आणि तिथं बदलायची, किंवा थेट स्वारगेट गाडी असेल तर कंडक्टरला सांगून पाचवडला उतरायचं. रेल्वेने येणाऱ्यांना वाठार स्टेशन जवळ पडतं पण सामान घेऊन तिथनं पुढे यायची खटपट, मी तरी सांगणार नाही. वाई स्टँडवर आमचा माणूस पाटी घेऊन उभा असतो. दुपारी चारच्या आत पोचा, कारण उशिरा आलेल्याला दाराजवळची कॉट मिळते आणि रात्रभर बाथरूमला जाणारे तिथनंच जातात.

पहिले दोन दिवस

कागद मिळणार नाही. यावरनं दरवर्षी कुरकुर होते, सगळ्यांना झेरॉक्स हवी असते. शिकवणारे एक ओळ गातात, तुम्ही परत म्हणता, पुन्हा, पुन्हा, दहा वेळा, मग पुढची. तिन्ही आवाज सगळ्यांनी शिकायचे, मग ठरतं कोण कुठं. असं का, तर ही गाणी त्यांच्या गावात अशीच एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे गेलीत, आणि दुसरं म्हणजे कागद हातात आला की डोळे कामाला लागतात आणि कान सुट्टीवर जातात. शब्द वहीत लिहायचे ते रात्री, आपापल्या कानाने.

लिहिताना मराठी पोरांचा एक फायदा आहे तो घ्या. जॉर्जियन भाषेत आपल्या "चांगला"मधला च आणि "चहा"मधला च हे दोन वेगळे धरतात, तसंच "जोर"चा ज आणि "जेवण"चा ज. हिंदीवाल्यांना हे समजावताना घाम फुटतो, आपल्या जिभेवर आयते आहेत. फक्त देवनागरीत दोन्हीला एकच अक्षर, म्हणून "चांगला"वाल्या च खाली एक टिंब देऊन ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमचंच तुम्हाला कळणार नाही. क आणि ख पण तिथं वेगळे आहेत, शिवाय एक तिसरा घशातनं फटकन तोडलेला क आहे तो मात्र ऐकूनच येतो.

जॉर्जिया म्हणताना हा काळ्या समुद्राकाठचा देश, अमेरिकेतलं राज्य नाही. गोंधळ होतो कारण आपल्या शिबिरात दोन्ही जॉर्जिया येतात, दुसरा येईलच पुढं.

मुलांनो, आवाज फुटत असेल तर

तेरा ते पंधराची बरीच मुलं पहिल्या दिवशी तोंडच उघडत नाहीत. शाळेत कोणीतरी हसलेलं असतं, "याला गायला लावू नका" म्हटलेलं असतं. स्वरयंत्र वाढतं, तारा लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो आणि येताना मध्येच किंचाळतो, यात लाजायचं काय, मिसरूड फुटल्यावर लाजतो का आपण. अशांना आम्ही जॉर्जियन गाण्यातला खालचा आवाज देतो. त्याला ते "बानी" म्हणतात. पूर्वेकडच्या काखेती भागातल्या लांबलचक गाण्यांत हा बानी नुसता एक सूर धरून असतो, मग जरासा सरकतो, परत धरतो, आणि वरचे दोघं त्याच्या जिवावर उड्या मारतात. चार-पाच सुरांत काम भागतं, फाटक्या आवाजाला ते पुरतं. जोर लावून वर जायचा प्रयत्न करू नका, सूर नाही लागला तर खालच्या सप्तकात म्हणा, कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. एक कराडचा मुलगा तीन वर्षांपूर्वी "मी फक्त जेवायला आलोय" म्हणाला होता, यंदा तो बानीवाल्यांचा मुकादम आहे.

कुठल्या गाण्याला काय लागतं

जॉर्जियन गाणं शिकताना तीन-तीनच्या टोळ्या करतात, प्रत्येक आवाजाला एकच माणूस, लपायला जागा नाही. हे गाणं तिथं मुळात जेवणाच्या लांबलचक पंगतीत, शेतात, प्रवासात, देवळात म्हणायचं, युनेस्कोने २००१ मध्येच त्याची दखल घेतली होती. एक प्रकार मात्र मला स्वतःला फार जवळचा. पोरांना गोवर-कांजिण्या आल्या की तिथं म्हणायचे घरात "बातोनेबी" आलेत, म्हणजे मालक लोक, धनी. त्यांना चिडवायचं नाही, गोड गाण्यांनी खूष करायचं, जांभळी फुलं आणि गुलाब म्हणायचं गाण्यात, म्हणजे ते पोराला सोडून जातील. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शिबिरात पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "आमच्यात पण देवी आल्या म्हणायचे की." मग त्यांनीच ओवी म्हटली. तो तास तिथंच संपला, शिकवणाऱ्यांनी पुढं काही घेतलंच नाही.

बल्गेरियन गाण्याला मुली आधी घाबरतात मग सोडत नाहीत. छातीतनं मोकळा, सरळ आवाज, पलीकडच्या बांधावर ऐकू गेला पाहिजे असा. ओरडणं नव्हे. फरक कसा ओळखायचा, तर गाऊन झाल्यावर घसा खवखवला म्हणजे तुम्ही ओरडलात. भाजीवाली मंडईत हाळी देते ती दिवसभर देते आणि संध्याकाळी तिचा घसा शाबूत, ती कशी देते ते जाऊन बघा, आम्ही खरंच पाठवतो वाईच्या बाजारात. तालाचं म्हणाल तर सातचा ताल तिकडे भरपूर, दोन-दोन-तीन असा मोडलेला. तबला शिकलेल्यांनी इथं जपून, तुमचा रूपक तीन-दोन-दोन, हात आपोआप तसा पडतो आणि पाय भलतीकडे. मात्रा मोजत बसू नका, चालून घ्या, दोन आखूड ढांगा एक लांब. अकराचा पण आहे, दोन-दोन-तीन-दोन-दोन, तो चौथ्या दिवशी.

दक्षिण आफ्रिकेचं उभं राहूनच. पाय थांबला की गाणं थांबतं. एकजण पुढं ओळ टाकतो, बाकीचे उत्तर देतात, म्हणजे झीलच. झुलू भाषेत तीन टिचक्या आहेत जिभेच्या. पहिली म्हणजे कोणाची कीव आली की आपण च्च च्च करतो ना तीच. दुसरी, घोड्याला चल म्हणायला गालाच्या कडेने काढतात ती, पाचगणीच्या टेबललँडवरच्या घोडेवाल्यांकडे ऐका. तिसरी बाटलीचं बूच उडाल्यासारखी, टाळूवरनं, ती आरशात बघून. अवघड आहे म्हणून सोडायचं नाही, टिचकी गाळली तर शब्दाचा अर्थच बदलतो. "इसिकाथामिया" नावाचा एक पुरुषांचा प्रकार आहे, शब्दाचं मूळ हळू पाऊल टाकण्यात, आणि तो वाढला कामासाठी घर सोडून शहरात, खाणींवर आलेल्या मजुरांच्या वसाहतींत. गिरणगावात गेलेल्या आपल्या सातारकरांची भजनी मंडळं आठवतात मला. बाकी बरीचशी गाणी वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातली, १९९४ ला तिथं सगळ्यांना मत मिळालं तोवर ती मोर्च्यात, मयतीत म्हटली गेली. ती हसत-खिदळत म्हणायची नाहीत एवढं भान ठेवा.

आणि अमेरिकन. हा दुसरा जॉर्जिया. तिथं १८४४ मध्ये एक भजनांचं पुस्तक तयार झालं, त्यात सुरांना आकार दिलेले, फा त्रिकोणी, सो गोल, ला चौकोनी, मी शंकरपाळी. खेड्यातल्या माणसाला नोटेशन फार न शिकता गाता यावं म्हणून. चार बाजूंना चार आवाज तोंडं आत करून बसतात, मध्ये एकजण उभा राहून हात वरखाली करतो, आणि आधी शब्द नाहीतच, नुसते फा सो ला मी म्हणायचे, मग शब्द. सरगम गिरवलेल्या पोरांना हे घरच्यासारखं वाटतं. ऐकायला कोणी नसतंच, सगळे गाणारेच, त्यामुळे इथं भसाड्या आवाजाला पण पूर्ण मान आहे. मधल्या जागी प्रत्येकाने एकदा तरी उभं राहायचंच, चारी बाजूंनी आवाज येऊन आदळतो तो अनुभव मला सांगता येत नाही, उभं राहा.

घसा, पोट, आणि घरची आठवण

दिवसाला पाच-सहा तास गायचंय. पाणी सकाळपासून घोट घोट, तहान लागल्यावर गटागटा नाही, कारण प्यायलेलं पाणी घशाच्या तारांवर थेट पडत नाही, अंगात मुरून मग पोचतं. आवाज बसला तर गप्प बसा. कुजबुजू नका, कुजबुजण्याने आणखी ताण येतो, पाटीवर लिहून दाखवा. ज्येष्ठमध आणि खडीसाखर माझ्याकडे डब्यात असते. दुपारी दीड ते साडेतीन झोप सक्तीची, आणि या वेळेत जे बेसिनपाशी बल्गेरियन म्हणतात त्यांना भांडी घासायला लावते मी.

जेवण साधं. भाकरी, आमटी, उसळ, ठेचा वेगळा ठेवलेला, एक दिवस पिठलं आणि एक दिवस आमरस. रात्री तेलकट मागू नका.

तिसऱ्या रात्री कोणीतरी रडतं. तिसऱ्याच, पहिल्या रात्री नवलाई असते. पालकांनो, तुम्हाला फोन येईल, "मला न्यायला या." लगेच गाडी काढू नका. आम्हाला फोन करा, आम्ही बघतो, एक दिवस थांबा. खरंच काही बिनसलं असेल तर आम्हीच सांगू या म्हणून. आणि रोज संध्याकाळी फोनवर "जेवलीस का, काय जेवलीस, रडतेयस का" असं विचारून तिला रडवू नका, आज काय शिकलीस ते म्हणून दाखव म्हणा.

सहाव्या-सातव्या रात्री गच्चीवर बसतो, लाईट गेलेली असेल तर फारच उत्तम. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे पृथ्वीवरच्या आवाजांची, त्यात जॉर्जियाच्या पुरुषांचं एक गाणं आहे, बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्काचं आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दोन्ही यानं आता सूर्याचा वारा जिथवर पोचतो त्या वेशीपार गेलीत. हे सांगितलं की पोरं वर बघत बसतात थोडा वेळ, मग कोणीतरी खालचा सूर धरतं. ती दुसरी चादर यासाठी.

शेवटचा दिवस

कार्यक्रम संध्याकाळी, नदीच्या घाटावरच्या एका दगडी सभामंडपात, माईकशिवाय. दगडात आवाज घुमतो, घाईने गायलात तर सगळा काला होतो म्हणून सवयीपेक्षा हळू. पालकांना बोलावणं असतं, सहाला सुरू म्हणजे सहाला. मोबाइल वर धरून शूटिंग करू नका, पोरं तुमच्याकडे बघतात आणि सूर सोडतात, आम्ही एक रेकॉर्डिंग करून सगळ्यांना पाठवतो. एकदा आमच्याच वेळेला शेजारच्या आळीत डीजे लागला होता, जत्रा होती कसली तरी, पोरांनी तशातच वर्तुळ लहान केलं, खांद्याला खांदा लावून एकमेकांच्या तोंडाकडे बघून गायली. लोकांना किती ऐकू गेलं देव जाणे. ती मागची युक्ती आता आम्ही शिकवतोच, आवाज ऐकू येईनासा झाला की जवळ या, मोठ्याने गाऊ नका.

घोळक्यात निरोप लांबतो, गळ्यात गळे पडतात. मुक्कामाला थांबणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी अकराच्या आत खोल्या सोडायच्या. रविवारी वाई स्टँडला मरणाची गर्दी, पाचगणी-महाबळेश्वरचे पर्यटक परतत असतात, रिझर्व्हेशन आधी करा. करवंदं घ्या घाटातल्या बायकांकडनं.

घरी गेल्यावर

हे गाणं एकट्याने होत नाही हीच पंचाईत. पोरं घरी येतात, बानी म्हणत फिरतात आणि आई विचारते हे कसलं हुं हुं चाललंय. म्हणून जायच्या आधी वहीत आपल्या गावाजवळच्या दोघांचे नंबर लिहून घ्या, एक वरचा आणि एक खालचा आवाज बघून, नुसती मैत्री बघून नाही, कारण तिघं मधल्या आवाजाचेच जमले तर भेळ खाऊन परत याल. साताऱ्याची टोळी रविवारी सकाळी सातला चार भिंती या टेकडीवर भेटते, सांगलीची घाटावर, मिरजेच्या दोघांना तिसरा मिळत नाहीये, यंदा मिरजेहून खालच्या आवाजाचं कोणी येत असेल तर मला आधीच कळवा.